बिनपैशाचा डाव

१

दुपारचं जेवण झालं की मच्छिंद्र स्वतःचं ताट स्वतः घासायचा. राखेनं घासून, विसळून, अंगणातल्या दगडावर उन्हात उपडं घालायचा. मग मधल्या खोलीत सतरंजी अंथरून आडवा व्हायचा आणि मी ओसरीत मशीनवर बसायचे. उन्हं कलली की तो उठून तोंड धुवायचा, चहा टाकायचा आणि दोन कप घेऊन बाहेर यायचा. कुणी विचारलं तर मी सांगायचे, भाऊ माझ्याकडं आहे आणि बरा आहे.

कुंभार पिंपळगावात बाजारतळाच्या मागच्या गल्लीत माझं माळवदाचं, मातीच्या सपाट छताचं घर आहे. पुढं ओसरी, मध्ये एक खोली, मागं चूल. मालकांना जाऊन बरीच वर्षं झाली. पोटी काही नाही. गल्लीतल्या बायांचे झंपर-परकर शिवते, त्यात माझं भागतं. मच्छिंद्र माझा पाठचा भाऊ. तो वाटूर फाट्यावर जीप चालवायचा. फाट्यावरच्या एका शेडमध्ये पत्ते चालायचे. सुरुवातीला तो पॅसेंजर भरेपर्यंत तिथं बसायचा. पुढं पॅसेंजर भरून त्याची वाट बघत बसायला लागले. शेवटी जीपही राहिली नाही आणि पॅसेंजरही.

सत्त्याण्णव साली होळी झाल्यावर त्याची बायको पुष्पाबाई माझ्याकडं आली. चार-पाच वर्षांची लेक गोदावरी कडेवर झोपलेली. ती काही रडत-भेकत आली नव्हती.

"आक्का, मी भांडून न्हाई चालले," ती म्हणाली. "माहेरी जाऊन राह्यले, पिंपळगाव रेणुकाईला. दिवाळीपर्यंत ते पत्त्याला हात न लावता राह्यले, तर मी आपल्या पायानं परत येते. पण एकट्यानं न्हाई व्हायचं त्यांच्याकडून. तुम्ही ठेवून घ्या."

मी ठेवून घेतलं. ज्या दिवशी मच्छिंद्र पिशवी घेऊन आला, त्या दिवशी उंबऱ्याबाहेर उभा राहूनच तो बोलला, "आक्का, पैशाला न् पत्त्याला हात लावणार न्हाई. लावला तर मला दारात बी उभं करू नको."

हा शब्द त्यानं पाळला, हे मला आधीच सांगून टाकायचंय. शब्दाला तो अक्षरशः जागला.

२

उन्हाळा चढला तेव्हाची गोष्ट. मी एका परकराला नाडीची पट्टी लावत होते. धागा तुटला म्हणून पाय थांबवले, आणि मधल्या खोलीतून आवाज आला. फर्रर्र. पत्ते पिसतात तेव्हा होतो तसा. आमच्या भागात हा आवाज कळायला कुणाला पत्ते यावे लागत नाहीत.

मी उठून दारात गेले. मच्छिंद्र मांडी घालून बसलेला, पाठ माझ्याकडं. हात गुडघ्यांच्या वर हलत होते. डाव्या हातात धरल्यासारखं, उजव्यानं टाकल्यासारखं. दोन्ही हात रिकामे होते. सतरंजीवर काहीही नव्हतं.

"काय रे?"

तो दचकला नाही. हात तेवढे मांडीवर ठेवले. "काय न्हाई गं. हात चालत्यात. सवय हाय. जाईल हळूहळू."

मला ते पटलं. इतकी वर्षं पायडल मारून झोपेत माझेही पाय हलतात. बिडी सोडलेल्या माणसाची बोटं बिडी शोधतात. आवाजाचं म्हणाल तर तळवा तळव्यावर घासला की असाच येत असेल.

एवढंच खटकलं, की एकटा माणूस सतरंजीवर मधोमध बसतो. हा एका कडेला, भिंतीला पाठ लागेल इतका सरकून बसला होता. उरलेली सगळी सतरंजी मोकळी ठेवली होती, पाहुणा येणार असल्यावर ठेवतो तशी. मी मशीनवर परत बसले, तरी मान वळवून बघत राहिले. तो हातातलं एक, नसलेलं, खाली टाकायचा आणि थांबायचा. समोरच्याला विचार करायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ थांबायचा. मग मान हलवायचा.

ते थांबणं मला आवडलं नाही.

३

मधल्या खोलीच्या दाराला साखळीची जुनी कडी होती. दार ढकललं की ती लाकडावर आपटून खळ्ळ वाजायची. घरात कोण कुठं गेलं ते मला त्या आवाजावरून कळायचं. एका दुपारी मच्छिंद्र चहा घेऊन बाहेर आला. कडी झुलली, दारावर आपटली, दोनदा आपटली. आवाज झाला नाही.

"कडीला तेल घातलंस का रे?"

तो कपात बघत म्हणाला, "व्हय."

तेलानं बिजागरी गप्प होते. लोखंड लाकडावर आपटलं तर तेल काय करणार? हे मला कळत होतं. पण ज्याच्यावर दिवसभर नजर ठेवायची, त्याच्या एखाद्या तरी गोष्टीवर विश्वास ठेवावा, असं मनात आलं आणि मी चहा घेतला.

पुढं काही दिवसांनी ओसरीतल्या रांजणावरचं पितळी झाकण माझ्या हातून निसटलं. फरशीवर पडून ते गरगर फिरलं आणि स्थिर झालं. कापसावर पडल्यासारखं. मी ते उचललं आणि मुद्दाम डोक्याएवढ्या उंचीवरून टाकलं. पुन्हा तसंच.

माझे कान गेले, असं मी धरून चालले. वय होत आलंय, मशीनच्या खडखडीत आयुष्य गेलं. मच्छिंद्राला बाजाराचं कारण सांगून मी जालन्याला गेले आणि कानाच्या डॉक्टरला दाखवलं. त्यानं कानात बत्ती घालून बघितलं, कपाळाला काहीतरी थरथरतं लावलं, पाठीमागं उभं राहून हळूच नावं घेतली आणि मला ती म्हणायला लावली. मी सगळी बरोबर म्हटली. "बाई, तुमचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत," तो म्हणाला.

येताना एसटीत मला सगळं ऐकू येत होतं. खिडक्यांच्या काचा, कंडक्टरच्या चिमट्याची टकटक, मागच्या बाकावर एका बाईचं तान्हं. घरी येऊन पिशवी टेकायच्या आधी मी झाकण उचलून खाली टाकलं.

आठवडी बाजाराच्या दिवशी पुष्पा गावातल्या एसटीडी बूथवर फोन करायची.

"कसे हायेत?"

"बराबर हाय. ताट घासतो, चहा करतो. कुठं जात न्हाई."

त्यात एक शब्दही खोटा नव्हता.

४

माझ्या घराला भिंत लावून लालबीचं घर. ती माझ्याहून वयानं मोठी. पूर्वी बांगड्यांची टोपली डोक्यावर घेऊन आसपासची खेडी फिरायची. आता गुडघ्यांनी साथ सोडली म्हणून दिवसभर बाजेवर बसून गल्ली सांभाळते. एका सकाळी झंपराचं माप द्यायला ती आली. मच्छिंद्र पाण्याला गेला होता.

माझ्या ओसरीच्या तुळईच्या फटीत चिमण्यांचं घरटं होतं. माप देता देता लालबीनं वर बघितलं आणि हात तसेच वर ठेवून बघत राहिली.

"नंदा, ये पिल्लं बोलत का न्हाईत गं?"

मीही वर बघितलं. चिमणी काहीतरी घेऊन आली होती. तिन्ही पिल्लांनी माना ताणलेल्या, चोची फाटतील इतक्या उघडलेल्या, आतला लाल घसा दिसत होता. गळे थरथरत होते. ओसरीत मात्र चिडीचूप. चिमणी उडून अंगणात गेली आणि तारेवर बसून नेहमीसारखी चिवचिवली.

मला ऐकू येत नाही ते आणखी कुणालाही ऐकू येत नाही, या आनंदात मी हसले. लालबी हसली नाही. तिनं पदर डोक्यावर ओढला.

"आणि एक सांग. दुपारी तू कडी काय वाजवून राह्यलीस? रोजचं झालंय. माझी बाज भिंतीला लागून हाय. जरा डोळा लागला की खळ्ळ. फिर खळ्ळ. सारी दुपार तू आत-बाहेर करती का?"

मी टेपची गुंडाळी केली. मग उलगडली, मग पुन्हा केली.

"वारा असंल," मी म्हणाले.

"वैशाखात?" लालबी म्हणाली.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी मच्छिंद्र आत गेल्यावर मी मशीन सोडलं आणि लालबीकडं गेले. तिनं बाज ओढून जागा करून दिली. भिंत चुन्यानं रंगवलेली, थंडगार. मी कान लावला.

सुरुवातीला माझ्याच रक्ताची घरघर. मग खळ्ळ.

माझीच कडी. मी हजार आवाजांत ओळखली असती. मग फरशीवर गरगरणारं पितळी झाकण, स्थिर होता होता आवाज बारीक होत जातो तसं. मग पिल्लं. केवढी ओरडत होती. भुकेली, जीव खाऊन. हे सगळं एकामागून एक येत नव्हतं. एकाच वेळी येत होतं. बाजार उठला की माल एका गोणीत कोंबतात आणि गोणी उचलताना आतलं सगळं एकमेकांवर आदळतं, तसं. आणि त्याच्या खाली, संथ, फर्रर्र.

मी कान काढणार होते. तेवढ्यात भिंतीपलीकडं कुणीतरी खाकरलं.

आमचे मालक गल्लीतून घरात शिरताना खाकरायचे. मी उघडी-वाघडी कामात असेन तर सावरून घ्यावं, म्हणून. इतक्या वर्षांत गल्लीत दुसरं कुणी तसं खाकरलं नाही.

मी तिथंच बाजेवर बसले आणि त्यांचा आवाज आठवायला गेले. चेहरा आला. मिशी आली. ते काय काय बोलायचे ते शब्दनशब्द आले. पण ओठ नुसते हलत होते. तुळईतल्या पिल्लांसारखे. कालपर्यंत, अगदी मशीनवर बसल्या बसल्यासुद्धा, तो आवाज माझ्याजवळ होता. मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, पण होता.

"कोण हाय गं तिकडं?" लालबीनं विचारलं.

"कोणी न्हाई."

"मंग रडतीस कशाला?"

६

मी सकाळची वाट बघितली. सकाळी तो माझा भाऊ असायचा.

हापशावर बायांची गर्दी सरल्यावर तो घागरी भरत होता. मी दांड्यावर हात ठेवला. "मच्छिंद्रा, दुपारी तू काय लावून राह्यलास?"

"काय लावणार? पैसा बघितलास का माझ्याकडं? पत्ते बघितलेस? मी शब्द मोडला न्हाई."

"मी शब्दाचं न्हाई विचारलं. लावलं काय?"

तो घागरीच्या काठावरून बोट फिरवत राहिला. "जे कोणाला लागत न्हाई ते," शेवटी म्हणाला. "कडी वाजली काय न् न वाजली काय. कोणाचं पोट भरतं त्यानं?"

"आणि मालकांचा आवाज? तो बी कोणाला लागत न्हाई?"

तो मटकन खाली बसला. हापशाच्या चिखलातच. "तू कधी त्यांचं नाव काढत न्हाईस, आक्का. मला वाटलं... मला वाटलं तू विसरली असशील."

मला त्याला मारावंसं वाटलं आणि जवळही घ्यावंसं वाटलं. दोन्ही केलं नाही.

"कोण असतं समोर?"

"बघितलं न्हाई कधी. मी पत्त्याकडं बघतो." मग त्यानं मान वर केली, आणि त्याचा चेहरा एकदम उजळला. "पण परत आणतो ना मी! एक डाव बसू दे. सगळं परत. कडीपासून सगळं. कालच बसता बसता राह्यला, बिलकुल एका पत्त्यानं."

भिंतीला कान लावताना मला भीती वाटली होती. पण त्या चेहऱ्याची वाटली तेवढी नाही. वाटूर फाट्यावर, जीप जायच्या आधी, तो मला असाच दिसला होता.

"गोदीचं काय लावलंस?"

"न्हाई!" तो ओरडला. "आईच्यान न्हाई. ती इथं न्हाईच तर..." पुढचे शब्द त्यानं गिळले. मग माझा पदर धरला, लहानपणी धरायचा तसा. "म्हणून तर सांगून राह्यलो. पुष्पीला म्हण, दिवाळीला येऊ नको. गोदीला या घरात आणू नको. मी हाय तोवर आणू नको."

७

खोलीला कुलूप घालता आलं असतं. त्याला फाट्यावर परत पाठवता आलं असतं. मी त्यातलं काही केलं नाही. दुपारी तो सतरंजी अंथरायला लागला तेव्हा म्हणाले, "मी बसते आज तुझ्याजवळ."

एकटा आहे म्हणून खेळतो, जोडीला माणूस असलं तर उठेल, असं मी स्वतःला सांगत होते. आणखी एक विचार होता, तो मी स्वतःलाही मोठ्यानं सांगितला नाही.

तो त्याच्या कडेला बसला. मी बाजूच्या कडेला. माळवदाच्या झरोक्यातून उन्हाचा पट्टा सतरंजीवर पडला होता. समोरच्या कडेला सतरंजीचे पट्टे वाकलेले दिसले, मांडीखाली दबल्यावर वाकतात तसे. जुनं कापड, मी म्हणाले. खाली जमीन खचली असेल. पण ती जमीन मी माझ्या हातानं सारवली होती आणि ती कुठंही खचलेली नव्हती.

मच्छिंद्राचे हात चालायला लागले. फर्रर्र. तळवे एकमेकांना लागत नव्हते, हे मी आता जवळून बघितलं.

मग मांडीवर पडलेल्या माझ्या बोटांत काहीतरी आलं. पातळ, गुळगुळीत, थोडं गार.

मी खाली बघितलं नाही. जन्मात मी पत्ते खेळलेली नाही. चौकट कोणती न् किलवर कोणतं ते मला सांगता येणार नाही. तरी माझ्या हातात आलेलं चांगलं आहे, फार चांगलं आहे, हे मला न बघता कळलं. कानशिलं तापली. गल्लीतला आवाज मागं गेला. चूल, मशीन, शिवायचे राहिलेले झंपर, सगळं लांब गेलं आणि जगात एक सतरंजी तेवढी राहिली. उलटून बघायचा अवकाश. अंगणातून पावलं येतील, दारात ते खाकरतील, आणि मी पदर सावरीन.

लोक म्हणतात, याला कळत कसं नाही? मीही म्हणत आले होते. त्या दुपारी मला समजलं की सगळं कळत असतं, आणि कळत असताना बोटं वळतात.

आता माझी पाळी होती, आणि माझ्यासाठी थांबलं गेलं होतं. त्या थांबण्यात मी उन्हाच्या पट्ट्याकडं बघितलं. समोरच्या कडेकडून एक हात उजेडात आला होता. तळवा वर. नखं नीट कापलेली, स्वच्छ. घाई नव्हती त्याला. आमच्या घरात कुठं काय आहे, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असावं, असा तो निवांत पडून होता. मनगटाच्या मागं उजेड संपत होता. मी तिथून वर बघितलं नाही.

काय द्यावं, याचा मी विचार करायला लागले. मशीनची खडखड देता येईल. नुसती कटकट तर आहे. कोणाचं पोट भरतं त्यानं?

मच्छिंद्राचे ते शब्द माझ्या डोक्यात माझ्याच आवाजात उमटले. मी मूठ उघडली. जे होतं ते पडलं असेल, पडल्याचं ऐकू आलं नाही. मी मच्छिंद्राचं मनगट धरलं.

"ऊठ."

"डाव अर्धा हाय, आक्का."

"अर्धाच राहू दे."

"उठलो तर सगळं गेलं. परत कधीच न्हाई यायचं. भाऊजींचा बी न्हाई."

"गेलं," मी म्हणाले. तोंडातून शब्द काढायला मला केवढी ताकद लागली. "मी माझं सोडलं, मच्छिंद्रा. तू तुझं सोड."

तो त्या हाताकडं बघत नव्हता. स्वतःच्या रिकाम्या ओंजळीकडं बघत होता. मी ओढलं. तो इतका जड लागला की खोलीभर माणसं त्याला धरून बसली आहेत असं वाटलं. गुडघ्यांवर आला. मग उभा राहिला. ओसरी ओलांडून आम्ही दोघं अनवाणी गल्लीत आलो. माती अशी तापलेली की पाय ठरेना, तरी कुणी सावलीत गेलं नाही. आपल्या दारात लालबी उभी होती. तिनं पाण्याचा तांब्या तेवढा आणला.

८

पाणी पिऊन झाल्यावर मच्छिंद्र म्हणाला, "दुपारी मला एकटं सोडू नको. मी चांगलं बोललो तरी सोडू नको."

तेव्हापासून दुपारी आम्ही लालबीच्या ओट्यावर बसायला लागलो. तिच्या घरातल्या सगळ्या बाजा ढिल्या झाल्या होत्या, त्या विणायचं काम त्यानं घेतलं. त्या संपल्यावर गल्लीतल्या आल्या. काही दिवस बरे जायचे. काही दिवस विणता विणता त्याचे हात थांबायचे आणि मान भिंतीकडं कलायची. लालबी काठीनं त्याच्या गुडघ्याला टोचायची. "खेच रे, ढिला पडला! जल्दी!" एकदा त्यानं मला नको नको ते ऐकवलं, की तू माझं वाटोळं केलंस, एका पत्त्यावर होतो मी. दुसऱ्या दिवशी त्यानंच माझे पाय धरले. एकदा तो उठून सरळ आमच्या दारापर्यंत गेला आणि उंबऱ्यावर उभा राहिला. मी अडवलं नाही, मागं जाऊन उभी राहिले. कडुलिंबाची सावली ओट्यावरून खाली उतरेपर्यंत तो तसा उभा होता. मग परत येऊन बाजेला बसला.

मधली खोली मी भरून टाकली. गल्लीतल्यांना सांगितलं, ज्वारीची पोती ठेवा, कापसाची गाठोडी ठेवा, भाडं नको. माळवदापर्यंत रचलं. सतरंजी टाकायला हातभर जागा ठेवली नाही.

आणि पुढच्या बाजाराला फोनवर पुष्पाला सगळं सांगितलं. कडीपासून हातापर्यंत. वेड लागलं म्हणेल, असं धरूनच सांगितलं.

"पैसा न्हाई, पत्ते न्हाईत," ती म्हणाली, "तरी खेळलेच."

"हां."

"आता उठलेत ना?"

"उठलाय. पण रोज उठावं लागतं, पुष्पे."

"मंग येते मी."

दिवाळीला ती एकटीच आली, गोदीला माहेरी ठेवून. मच्छिंद्र तिला गल्लीत उभ्यानंच सगळं बोलला. मी मध्ये पडले नाही. बोलून झाल्यावर तिनं त्याची पिशवी उचलली. तिच्या भावाच्या ओळखीनं तिकडं ट्रॅक्टरवर काम मिळत होतं.

एसटी गेली तशी मी घरी आले आणि मशीनवर बसले. खडखड होती. मी बराच वेळ नुसतंच पायडल मारत राहिले.

९

पुढच्या हिवाळ्यात मी रेणुकेच्या दर्शनाला म्हणून पिंपळगाव रेणुकाईला गेले. खरं तर त्यांना बघायला. देवळापासून थोडं आत, पत्र्याचं नवं घर होतं त्यांचं. दार उघडताना करकरलं, तेव्हा मला बरं वाटलं. मच्छिंद्र वाळला होता पण डोळे निवले होते. पत्त्याकडं फिरकला नव्हता. दुपारी घरी असला तर पुष्पा कामं काढून ठेवायची, आणि पुष्पा नसली तर तो शेजाऱ्याच्या ओट्यावर जाऊन बसायचा, आपण होऊन.

जेवणं झाल्यावर तो अंगणात ट्रॅक्टरचा कसलासा भाग उघडून बसला. मी चुलीपाशी पुष्पाजवळ होते. गोदी शाळेतून आली. चांगली उंच झाली होती, दोन वेण्या घातलेली. फाटकातूनच तिनं हाक मारली, "बाबा!"

तो पान्हा फिरवत राहिला.

एक कोंबडी त्याच्या मागून सामानाकडं आली. त्यानं न बघताच हात हलवून हाकललं. रस्त्यावरून सायकलची घंटी वाजली, त्यानं मान वळवून कोण आहे बघितलं.

"बाबा, ओ बाबा!"

पोर त्याच्या पाठीमागं दोन हातांच्या अंतरावर उभी होती. तो पान्हा फिरवत राहिला.

ती इथं न्हाईच तर, असं तो हापशावर म्हणाला होता. आणि पुढचं गिळलं होतं.

"पुष्पे," मी हळूच म्हणाले, "त्याला गोदीचा..."

पुष्पानं तव्यावरची भाकरी उलटली. "माहीत हाय, आक्का. त्यांना इथं आणलं त्याच दिवशी कळलं मला."

"काय म्हणाला?"

"काय म्हणणार? एकदाच लावला तिचा आवाज, म्हणले. ती तिथं न्हाई, तर जाणार कसा, असं वाटलं म्हणले." भाकरी फुगली. तिनं ती काढून टोपल्यात ठेवली. "बाकी सगळं येतं ऐकू. तेवढंच न्हाई."

"आणि पोरीला?"

"तिला कोणी काय सांगितलं न्हाई. तिचं तिनंच बसवलं."

मी अंगणात बघितलं. गोदीनं दप्तर खाली ठेवलं होतं. वळसा घालून ती बापाच्या समोर आली, उकिडवी बसली, आणि दोन्ही हातांनी त्याची हनुवटी धरून त्याचं तोंड आपल्याकडं वळवलं. रोजच्या कामासारखं. मग ओठ मोठे करून, एकेक शब्द सोडत ती म्हणाली, "बाबा, मला पेरू पाडून द्या."

तो तिचं वाक्य पुरतं बघून होईपर्यंत थांबला. मग हसला, पान्हा ठेवला आणि हात पुसत उठला.

खणखणीत आवाज होता पोरीचा. गल्लीच्या टोकापर्यंत गेला असेल.